दयेचा चारा आणि रानातील हरिण



भुकेल्यास अन्न द्यावे, हा संस्कार प्रत्येक शाळेत मुलांच्या मनावर केला जातो, व तो योग्यच आहे. परंतु गोठ्यातील गुरांचा न्याय रानातील हरिणांस जसाच्या तसा लावता येत नाही. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील जॅक्सन खोऱ्याचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे.

या खोऱ्यात एल्क नावाचे, सांबराच्या कुळातील मोठे हरिण आढळते. उन्हाळ्यात त्याचे कळप डोंगरमाथ्यावर चरतात व बर्फ पडू लागले म्हणजे खालच्या सपाटीवर उतरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे पशुपालकांची वस्ती वाढली आणि हरिणांचे हिवाळी चराऊ रान आक्रसले. १९०९ च्या सुमारास कडक हिवाळ्यात हजारो एल्क उपाशी मेले. लोकांचे अंतःकरण द्रवले. गवत घालण्यास प्रारंभ झाला, आणि १९१२ साली तेथे एल्कसाठी राखीव क्षेत्र स्थापन झाले.

हेतू शुद्ध होता. परंतु परिणाम निराळेच झाले. एरवी रानोमाळ विखुरणारे प्राणी हिवाळाभर एकाच जागी दाटी करून राहू लागले. आसपासच्या वाळुंजादी झाडांचे कोवळे कोंब खाल्ले जाऊन नवी झाडे वाढेनाशी झाली. गुरांकडून आलेला ब्रुसेलोसिस हा गर्भपाताचा रोग कळपात टिकून राहिला. कारण रोगी मादीचा टाकलेला गर्भ चाऱ्याच्या जागी पडे व इतर जनावरे तो हुंगीत, चाटीत. त्याहून भयंकर असा हरिणांच्या मेंदूचा एक झिजविणारा रोग कोलोरॅडो राज्यात १९६७ साली प्रथम लक्षात आला. त्यावर औषध नाही, आणि त्याचे विष मातीत वर्षानुवर्षे टिकते. २०२० साली जॅक्सनलगतच्या राष्ट्रीय उद्यानातील एका एल्कमध्ये तो आढळला.

आता पेच असा, की चारा एकाएकी थांबवावा तर कळप उपाशी मरतील, किंवा पशुपालकांच्या गंजींवर तुटून पडतील; चालू ठेवावा तर रोगास आमंत्रण. हरवले होते रान. दिला गेला चारा. उणीव एक आणि उपाय दुसराच, यातून हे संकट उद्भवले.

आपल्याकडील चितळ व सांबर हीही रवंथ करणारी जनावरे होत. त्यांच्या पोटातील सूक्ष्म जीव पाला व गवत पचविण्यास सरावलेले असतात. धान्य एकदम पुष्कळ खाल्ले तर पोटात आम्ल वाढून भरल्या पोटी जनावर दगावू शकते. शिवाय माणसाच्या हातचे खाण्यास सोकावलेले हरिण गावाकडे वळते. तेथे कुत्री त्याचा घास घेतात.

म्हणून रानालगतच्या शाळांतील शिक्षकांनी मुलांस समजावून सांगावे, की हरिणास भाकरीचा तुकडा टाकणे ही खरी दया नव्हे. वणवा लागू न देणे, कुरण राखणे व पाणवठा स्वच्छ ठेवणे, ही खरी दया होय. रान शाबूत राहिले, तर हरिण आपले पोट आपण भरते.