वाळलेल्या फांदीतला संसार

(तू बिश्वातच्या सायंकाळी मलिद्यानंतर केलेले भाषण)



आज झाडांचा सण. या दिवशी कोकणातील आपले लोक अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबींच्या स्थानाला जातात. मीही काही वर्षांपूर्वी गेले होते. परतताना डोंगराच्या पायथ्याशी एका नातलगाच्या वाडीत उतरले. तेथे आंब्याची एक फांदी पूर्ण वाळलेली दिसली. मी म्हणाले, "ही आजच काढून टाका." जखमेतील मेलेला भाग काढल्याशिवाय जखम भरत नाही, हे मी परिचारिका म्हणून शिकले होते. वाडी राखणारे वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, "ताई, तिथं संसार हाय."

फांदीला रुपयाहून थोडे मोठे भोक होते. थोड्या वेळाने त्यातून चिमणीएवढा एक सुतार पक्षी बाहेर आला. लांबी जेमतेम 16 सेंटिमीटर, शेपूट आखूड, डोक्यावर मोठा तुरा आणि पंखांवर हृदयाच्या आकाराचे काळे ठिपके. बहुतेक सुतार पक्ष्यांच्या अंगावर कोठेतरी लाल रंग असतो. याच्या अंगावर तो मुळीच नाही. मादीचे कपाळ पांढुरके, नराचे काळे. हा पक्षी सह्याद्रीच्या जंगलांत आणि ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत राहतो. जोडीजोडीने बारीक फांद्यांवर फिरून मुंग्या, वाळवी व अळ्या टिपतो.

आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत. म्हणून त्याची एक गोष्ट मला विशेष वाटली. त्याच्या पाठीच्या खालच्या भागातील काही पिसांतून तेलकट द्रव्य पाझरते. त्याला राळेसारखा गंध असतो. पिसे साफ करताना तो ते अंगाला लावतो आणि त्याची पांढरी पिसे किंचित पिवळसर होतात.

सह्याद्रीत त्याच्या विणीचा काळ साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल असतो. आपला आजचा सण त्यातच येतो. एवढ्याशा चोचीला कठीण, जिवंत लाकूड कोरणे अवघड. बुरशीने मऊ झालेले वाळके लाकूडच त्याला हवे असते. त्यात मादी दोन-तीन पांढरी अंडी घालते. पुढे ते भोक रिकामे झाले, की स्वतः कोरू न शकणारे लहान पक्षी तेथे आसरा घेतात.

रुग्णाच्या शरीराचा नियम मी झाडाला लावला, ही माझी चूक होती. शरीरात मेलेला भाग जिवंत भागाला घातक ठरतो. वनात मेलेले लाकूड जिवंतांना घर देते.

येथे इस्राएलच्या बागांत सीरियाई सुतार आहे. तोही झाड कोरूनच घरटे करतो. म्हणून माझी विनंती एवढीच: आज आपण नवी रोपे लावाल, ती अवश्य लावा. परंतु जी वाळलेली फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्याचा धोका नाही, तिच्यावर करवत चालवण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि भोक आहे का, ते पाहा.

शालोम.