नंतर वाचू म्हणून ठेवलेलं

शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव या पट्ट्यात कंपनीत पाळी करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलंमुली बरीच आहेत. बस चाकण चौकात कोंडीत अडकली की मोबाइल हातात येतो. टेलिग्रामवर नवी पीडीएफ आलेली असते. कधी चालू घडामोडी, कधी कुणा यशस्वी उमेदवाराच्या नोट्स. ती उतरवून घेतली की बरं वाटतं. या बरं वाटण्याबद्दलच मला आज बोलायचं आहे.

साहित्य जमवलं की थोडाफार अभ्यास झाल्यासारखं वाटतं, आणि मग ते उघडण्याची निकड उरत नाही. घरचे याला आळस म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. पाळीभर उभं राहून काम करणारा मुलगा आळशी कसा? फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली चालढकलीचं मूळ भावनेत असल्याचं मांडलं. कामाशी भीती, कंटाळा, अपयशाची धास्ती चिकटलेली असते. काम पुढं ढकललं की ती धास्ती तेवढ्यापुरती जाते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आता पानंच्या पानं लिहायची आहेत. लिहायला बसायची भीती वाटते, म्हणून आणखी एक पीडीएफ उतरवली जाते. उत्तर लिहिणं तेवढं टळतं.

माहिती भरमसाट झाली की माणसाचं लक्ष अपुरं पडतं, हे हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच सांगितलं होतं. तेव्हा मोबाइल कुणी पाहिलाही नव्हता. आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळ्या अंगानं ठाऊक आहे. चाळीत कांदा नुसता भरून चालत नाही. तो निवडावा लागतो, नाहीतर सडका चांगल्यालाही लागतो. मोबाइलमधल्या फायली मात्र कुणी निवडत नाही.

मग काय करावं? याचं एक उत्तर आपल्याच शिरूर तालुक्यात, पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी अशी खरी कामं करत मुलं तिथं शिकतात. आधी काम हातात येतं, आणि त्यात जिथं अडतं तिथं पुस्तकाची गरज लागते. परीक्षेच्या अभ्यासाला ही रीत जशीच्या तशी लावता येईल, असं मला मनापासून वाटतं. आधी प्रश्न घ्यायचा. उदाहरणार्थ, पंचायत राज व्यवस्थेतल्या ग्रामसभेचे अधिकार. त्या एका प्रश्नासाठी लागेल तेवढंच वाचायचं आणि उत्तर हाताने लिहायचं. असं केलं की कोणती फाइल लागते आणि कोणती कधीच लागणार नाही, हे आपोआप कळतं. न लागणारी बिनधास्त पुसून टाकावी.

महत्त्वाचं असेल ते छापून घ्यावं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक नीट समजतो, आणि वेळेची मर्यादा असेल तर हा फरक जास्तच दिसतो, असं त्यांना आढळलं. परीक्षार्थीला वेळेचीच तर चणचण असते. झेरॉक्सचे पैसे वाया जाणार नाहीत.

अभ्यासाची वेळ आणि जागाही आधी ठरवून ठेवा. पाळी सुटल्यावर, अभ्यासिकेत, अमुक प्रश्न. ‘वेळ मिळाला की बघू’ म्हटलं की वेळ मिळत नाही. दौंडहून रेल्वेने रोज पुण्याला जाणाऱ्यांनी निघताना पिशवीत एकच छापील प्रकरण ठेवावं आणि मोबाइल आत टाकावा.

पालकांनाही माझी विनंती आहे. पोरगं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं दिसलं तर त्याला आळशी म्हणू नका. आज काय लिहिलंस, एवढं विचारा, आणि त्याने वही पुढं केली तर ते पान वाचा.