रंगाचे पाणी आणि परका माणूस

फाल्गुनी पौर्णिमेची होळी रात्री पेटते, आणि दुसऱ्या दिवशी तिची राख पुरती निवत नाही तोच कर्जत आणि खोपोलीच्या आळ्यांतून पाण्याचा खेळ सुरू होतो. पिंपे भरली जातात, बादल्या निघतात, पिचकाऱ्या भरल्या जातात. मुले कोपऱ्याकोपऱ्यावर दबा धरून बसतात. पूर्वी धुळवडीस राख आणि चिखल, व रंग पाचव्या दिवशी, म्हणजे रंगपंचमीस, अशी वाटणी होती. आता मुंबईच्या चालीने पुष्कळ ठिकाणी धुळवडीलाच रंग खेळतात. दहा वाजेपर्यंत रस्ता ओला, भिंती लाल, आणि माणसांची तोंडे ओळखू येईनाशी होतात. त्याच आळीत काही घरांची दारे मात्र सताड उघडी असतात आणि काहींच्या खिडक्यांनाही आतून कड्या लागलेल्या असतात. ह्या बंद खिडक्यांमागे जो माणूस बसलेला असतो, त्याच्या मनात त्या वेळी काय चाललेले असते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा माणूस बहुधा बाहेरून आलेला असतो. कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके घाटाच्या पायथ्याशी आहेत, आणि घाटाच्या पायथ्याशी माणूस थांबतोच. इ. स. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली; १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला. घाट चढण्यासाठी गाड्यांना जादा इंजिने कर्जतला जोडावी लागत, म्हणून तेथे रेल्वेच्या नोकरांची वस्ती झाली. पुढे खोपोलीच्या परिसरात पोलादाचे आणि इतर कारखाने निघाले व दूरदूरच्या प्रांतांतून कामगार आले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गामुळे खालापूर दोन्ही शहरांच्या हाताशी आले. आता शेतघरे, बंगले आणि भिंतीआडच्या मोठ्या वसाहती डोंगरापर्यंत पसरल्या आहेत. ह्या सर्वांना गावाने जागा दिली. परंतु जागा मिळणे वेगळे आणि गावचा होणे वेगळे, हा भेद वर्षातून एकदा, धुळवडीच्या सकाळी, फार स्पष्ट दिसतो.

परक्याच्या मनात त्या दिवशी एक भावना नसते, दोन असतात. रात्रपाळी करून सकाळी घराकडे निघालेला कामगार स्टेशनाच्या बाहेर उभा राहून रस्ता न्याहाळतो. अंगावरचे कपडे भिजले तर भिजोत. पण खिशात पगाराचे पैसे आहेत, दूरध्वनी आहे, आणि समोरच्या टोळक्यात ओळखीचा चेहरा एकही नाही. रुग्णालयात कामाला जाणारी परिचारिका त्या दिवशी तासभर आधी निघते. तिला पाण्याचे भय नाही. गर्दीत पाण्याबरोबर येणाऱ्या हाताचे भय आहे, आणि ते व्यर्थ आहे असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. ही झाली पहिली भावना. परंतु तीच परिचारिका संध्याकाळी परत येताना ओल्या रस्त्यावर हसत बसलेल्या बायका पाहते आणि आपणास कोणी हाकसुद्धा मारली नाही, ही गोष्ट तिला लागते. बंगल्यातले मूल फाटकाच्या गजांतून बाहेर पाहत असते. त्याला बाहेर जावयाचे असते आणि आई त्याचा हात सोडीत नाही. उत्तरेकडून आलेल्या कामगाराची गोष्ट तर आणखी निराळी. होळी हा त्याचाच सण. गावी भावजयीने भिजविलेला सदरा त्यास आठवतो, आणि येथे ज्या पाण्याने तो भिजतो ते कोणी फेकले हेही त्यास कळत नाही. भिजूनही तो कोरडाच राहतो.

परक्याची ही दुहेरी अवस्था आजची नाही. इ. स. १८०९ मध्ये टॉमस ब्रॉटन हा इंग्रज लष्करी अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. तेथून लिहिलेल्या त्याच्या पत्रांचे पुस्तक पुढे १८१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शिंद्यांच्या दरबारातील होळीचे वर्णन आहे. इंग्रज पाहुणे पांढरे कपडे घालूनच गेले होते. आपणावर रंग पडणार हे त्यांस ठाऊक होते. आरंभी गुलाबदाणीतून बेताचे शिंपण झाले. पुढे आग विझविण्याच्या मोठ्या बंबात पिवळे पाणी भरून त्याची नळी खुद्द महाराजांच्या हाती देण्यात आली. पाहुण्यांचे काय झाले असेल हे सांगावयास नको. छावणीतील शिमग्याची अचकट-विचकट गाणी आणि धांगडधिंगा ह्यांविषयी ब्रॉटन नाक मुरडतो, आणि तरीही त्या दिवसाचे वर्णन तो मोठ्या बारकाईने व रस घेऊन करतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते पाहुणे बोलाविलेले होते. पाणी उडविणारा कोण हे त्यांस दिसत होते, आणि त्यास आपण कोण हेही ठाऊक होते.

आपल्या खेड्यातील शिमगाही असाच ओळखीवर उभा होता. बाहेरून पाहणाऱ्यास वाटे की त्या दिवसांत सर्व बंधने सुटली आहेत. वस्तुतः बंधने बदललेली असत. दीर आणि भावजय, मेहुणा आणि मेहुणी, व्याही आणि विहीण ह्यांच्यात वर्षभरही थट्टेची मुभा असेच. धुळवडीस तिला पाण्याची जोड मिळे. सासऱ्यावर सून पाणी फेकीत नसे. ज्याच्या घरी वर्षात मृत्यू झाला असेल त्याच्या दारी गुलालाचे केवळ बोट लावून मंडळी पुढे जात. होळीभोवती बोंब ठोकणाऱ्यांस कोणापुढे थांबावयाचे ते ठाऊक असे, कारण दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या बांधावरून त्यांना जावयाचे असे. पोस्त मागण्याची चालही अशीच. सोंगे घेऊन, ढोल वाजवीत मंडळी दारी आली म्हणजे घरधनी यथाशक्ति पोस्त देई. आज आदिवासी वाडीवरची मुले रस्त्यावर दोरी आडवी धरून मोटारी थांबवितात, तेव्हा आतल्या माणसास ती भीक किंवा लूट वाटते. मुलांच्या हिशेबी तो सणाचा हक्क असतो. दोरी एकच आहे. तिची दोन टोके दोन निरनिराळ्या जगांत आहेत.

ही ओळखीची चौकट मोडली कशी? गाव वाढले, हे त्याचे साधे उत्तर. ज्या आळीत पन्नास घरे होती तेथे इमारती उठल्या. पाणी उडविणारा आणि भिजणारा एकमेकांस अनोळखी झाले. रेषा कोठे आहे हे सांगणारी वडील माणसे घरात बसली. पिचकारीच्या जागी पाण्याने भरलेले फुगे आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. पिचकारीचे पाणी जवळूनच उडवावे लागते. उडविणाऱ्याचे तोंड दिसते. पिशवी दुरून, आडोशाला उभे राहून फेकता येते. धावत्या लोकल गाडीच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या डोळ्यावर ती बसली तर तिचा मार दगडासारखाच लागतो, आणि मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अशा दुखापती अनेकदा झाल्या आहेत. जाणूनबुजून प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यास १९८९ च्या रेल्वे अधिनियमाने पाच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. परंतु मूळ प्रश्न शिक्षेचा नाही. ज्यास आपण भिजविले त्याच्या तोंडावरचे हसू किंवा राग पाहावयास जो थांबत नाही, तो सण खेळत नाही, नेमबाजी करतो.

येथवर परक्याची बाजू झाली. गावकऱ्याचीही एक बाजू आहे आणि ती ऐकून घेतल्याशिवाय न्याय होणार नाही. नवा रहिवासी गावच्या धुळवडीस रानटी म्हणतो. आणि त्याच दिवशी कर्जतच्या परिसरातील विश्रामगृहांतून तिकीट लावून, कर्णे लावून, कृत्रिम पावसात नाच चालतो. दंगा तोच, पाणी त्याहून अधिक. फरक इतकाच की मध्ये भिंत आहे व दारावर पहारेकरी आहे. भिंतीच्या आतला दंगा करमणूक आणि बाहेरचा तेवढा असंस्कृतपणा, हा हिशेब गावकऱ्यास पटत नाही, आणि तो पटू नये हेच योग्य आहे.

आणि हे पाणी येते तरी कोठून? कर्जत-खालापुरात पाऊस वर्षाला सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो. पण उतार तीव्र आणि खाली काळा खडक, त्यामुळे तो थांबत नाही. उन्हाळ्यात पाताळगंगा आणि उल्हास वाहत्या दिसतात त्याचे मोठे कारण घाटावर आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी टाटांच्या योजनेने १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरात उतरू लागले, आणि ठोकळवाडीच्या धरणाचे पाणी १९२२ पासून भिवपुरीस. एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात गेले असते ते पाणी वीज देऊन ह्या दोन नद्यांस मिळते. भिवपुरीच्या ह्याच पाण्यावर राजनाल्याच्या कालव्याकाठी उन्हाळी भात उभे राहते. म्हणजे मुंबईला वीज देऊन उरलेल्या पाण्यावर तळच्या गावांची धुळवड साजरी होते.

परंतु डोंगराच्या कुशीतील ठाकर आणि कातकरी वाड्यांपर्यंत हे पाणी चढत नाही. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे सणासाठी वाडीवर येतात तेव्हा विहिरी तळाला लागू लागलेल्या असतात. ओढ्याच्या कोरड्या पात्रात खणलेल्या डवऱ्यापाशी बाया वाटीवाटीने हंडा भरीत बसतात. ज्या घरी एक हंडा म्हणजे सकाळचा निम्मा वेळ, तेथे पाणी फेकून मारण्याची कल्पनाच कोणास सुचत नाही; तेथे होळी नाचाने आणि ढोलाने होते. इ. स. २०१३ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्याने होळी खेळण्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. त्या वेळी जो प्रश्न साऱ्या प्रांतास पडला, तो ह्या वाड्यांना दर फाल्गुनात पडतो. बंगल्यातील तळे आणि आळीतील पिंप ह्या दोघांनाही त्याचे उत्तर द्यावयाचे आहे.

परदेशातही हीच गोष्ट दिसते. थायलंडमध्ये एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान हा नववर्षाचा सण असतो. त्याची मूळ रीत अशी की, धाकट्यांनी वडीलधाऱ्यांच्या तळहातावर सुगंधी पाणी हळूच ओतावे आणि आशीर्वाद घ्यावा. २०२३ मध्ये ह्या सणाची नोंद युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. शहरांच्या रस्त्यांवर मात्र त्याला पाण्याच्या बंदुकांच्या लढाईचे रूप आले आहे. तेथे नोकरीनिमित्त राहणारे परदेशी लोक त्या दिवसांत दोन पक्षांत वाटले जातात: काही घरात धान्य भरून दार लावून बसतात, काही बंदूक घेऊन रस्त्यावर उतरतात. दार लावणाऱ्यास सण दिसत नाही. बंदूक घेणाऱ्यास त्यातला केवळ दंगा दिसतो. वडिलांच्या तळहातावर पाणी घालावयास त्यांस कोणी घरात बोलाविले, तरच त्यांस तो सण खऱ्या अर्थाने भेटतो.

आपल्याकडे ह्याहून निराळे काय आहे? कोकणात पाहुणा उन्हातून आला म्हणजे पहिल्याने त्याच्यापुढे पाय धुण्यास पाण्याचा तांब्या येतो, मग गूळपाणी. पाणी दिल्याशिवाय त्याचे नावगावही विचारीत नाहीत. तेच पाणी वर्षातून एक दिवस पाहुण्याच्या पाठीवर फेकून मारले जाते. पाणी दोन्ही वेळा एकाच विहिरीचे. हाती दिलेल्या पाण्यात समोरच्याकडे पाहणे असते आणि पाठीवर फेकलेल्या पाण्यात ते नसते, एवढाच फरक. परंतु मान आणि अपमान ह्यांतील सगळे अंतर तेवढ्यात मावते.

म्हणून उपाय फार मोठे नाहीत. होळीच्या आधी आळीतील चार वडील माणसांनी नव्या बिऱ्हाडांच्या दारी जावे, बोलावणे करावे, आणि ज्यास नको असेल त्याचा नकार हसून घ्यावा. स्त्रीच्या नकारापुढे तर शब्दही काढू नये. कामावर जाणाऱ्यास वाट द्यावी, गाडीवर काही फेकू नये, आणि पाणी मोजून वापरावे. रंग धुण्यासाठी मुले नदीवर निघाली तर जाणत्या माणसाने बरोबर जावे. इ. स. २०२५ च्या धुळवडीस ह्याच उल्हास नदीत, खाली बदलापूरजवळ, चार मुले बुडाली. त्या घरांत आता फाल्गुन कसा येत असेल ह्याचा विचार प्रत्येक आईबापाने करावा. नव्या रहिवाशानेही आपल्याकडून एक पाऊल टाकावे. दाराला कडी लावून बसण्यापेक्षा जुने कपडे घालून उंबऱ्यापाशी उभे राहावे, शेजाऱ्याच्या कपाळी गुलाल लावावा, दारी आलेल्या सोंगाला पोस्त द्यावे, आणि जे खपणार नाही ते तोंडावर सांगावे. तोंडावर सांगितलेले गावात सहसा ऐकले जाते. खिडकीआडून केलेली तक्रार मात्र कायमची अढी ठेवून जाते.

संध्याकाळी रस्ते वाळतात. भिंतीवरचे डाग पुढील पावसापर्यंत राहतात आणि ज्येष्ठ-आषाढात धुऊन जातात. धुळवडीच्या दिवशी मनावर पडलेला डाग पावसाने जात नाही. तो पडू न देणे हे गावाच्याही हाती आहे आणि गावात येऊन राहिलेल्यांच्याही; आणि त्यासाठी एक तांब्याभर पाणी पुरते.