न वाढणारी, न सरणारी अवस्था
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी वैद्यक शिकलेला मनुष्य नव्हे, बी. कॉम. होऊन चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर बसलेला व्यापारी. तरीही वैद्यकातील एका अवस्थेविषयी बोलण्याचे धाडस करतो, कारण ती आमच्या घरीच वास्तव्यास आहे. माझ्या धाकट्या बंधूस जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे.

विल्यम लिटल या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८६२ साली या अवस्थेचा संबंध अवघड प्रसूतीशी जोडला. अपुऱ्या दिवसांचा जन्म, नवजात बालकाची तीव्र कावीळ हीही तिची कारणे असतात. मेंदूवर एकदा झालेला हा आघात पुढे पसरत नाही, तसाच भरूनही येत नाही. डॉक्टरांनी वडिलांना हेच सांगितले होते. आम्ही उत्तरार्ध तेवढा ऐकला. काही वर्षे औषधे, मात्रा, नवस झाले. मग ‘आता फरक पडणार नाही’ म्हणून व्यायामही सोडला.

तेथेच चुकलो. आघात स्थिर असला तरी मूल वाढत असते. हाडे लांबतात, ताठरलेले स्नायू त्या मानाने लांबत नाहीत आणि सांधे आखडतात. तेराव्या वर्षी बंधूच्या टाचा जमिनीस टेकेनाशा झाल्या. नित्य व्यायाम आणि वेळच्या वेळी तपासणी असती तर त्याचे चालणे अधिक काळ टिकले असते, असे मला आजही वाटते.

मनाविषयीही असाच गैरसमज. जिभेचे, ओठांचे स्नायू ताब्यात नसल्याने उच्चार अस्पष्ट होतात आणि लोक बुद्धीच मंद समजतात. काहींना बौद्धिक अडचण असते, अनेकांना नसते. आमच्या उधारीची खाती बंधूस तोंडपाठ आहेत, ग्राहक मात्र त्याच्यादेखत मला विचारतात, “यांना कळतं का?”

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ही अवस्था आहे. इमारती अशांना सुगम असाव्यात, हेही तोच कायदा सांगतो. आपल्या या सभागृहास पाच पायऱ्या आहेत. तरुणपणी मी त्यास पाठुंगळी घेऊन येथे आणीत असे. आता माझी पाठ साथ देत नाही. म्हणून या सोहळ्याच्या वेळी तो दुकानात बसला आहे.

एक फूट चढास बारा फूट लांबीचा उतार लागतो. पायऱ्यांची उंची अडीच फूट, म्हणजे तीस फूट. पूर्वेच्या भिंतीलगत तेवढी जागा आहे. काल दुकान वाढविल्यावर मीच मोजपट्टीने मोजली. निम्मा खर्च आमची पेढी उचलील. उरलेल्याचा विचार विश्वस्तांनी करावा, ही नम्र विनंती.