समाजाची साधनसंपत्ती

मुंबईतील मोडकळीस आलेल्या चाळींचा प्रश्न राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदापर्यंत जाऊन भिडावा, हे अनेक श्रोत्यांना नवलाचे वाटेल. १९८६ साली म्हाडाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. उपकरप्राप्त इमारतीतील सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्थेमार्फत मागणी केल्यास ती इमारत संपादून त्यांच्या स्वाधीन करावी, मालकास मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला द्यावा, अशी ही तरतूद. भाडे मात्र कित्येक दशके गोठलेले! मालकांची संघटना १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

खाजगी मालमत्ताही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ होय, असे मत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये मांडले होते. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने ते सरसकट स्वीकारण्याचे नाकारले. न्यायमूर्ती धूलिया यांचे मत भिन्न पडले. तथापि खाजगी मालमत्ता त्या व्याख्येतून सर्वस्वी सुटली, असे मात्र नव्हे. साधनाचे स्वरूप, त्याची दुर्मिळता, समाजहितावर होणारा परिणाम आणि ते मोजक्यांच्या हाती एकवटल्याने घडणारे अनर्थ, यांवरून प्रत्येक वेळी निर्णय करावयाचा आहे. बत्तीस वर्षांनी तत्त्व ठरले. म्हाडाची तरतूद वैध की अवैध, हे ठरविण्याचे काम दुसऱ्या पीठाकडे गेले.