लावलेल्या वृक्षाचा नमुना : लूकम ओकच्या निमित्ताने

वनस्पतिशास्त्रात ‘नमुना’ म्हणजे झाडाची दाबून वाळवलेली, जाड कागदावर बसवलेली आणि माहितीच्या चिठ्ठीसह जपलेली फांदी. अशा नमुन्यांच्या संग्रहालयांत, म्हणजे हर्बेरियममध्ये, रानातून आणलेल्या फांदीला जो मान मिळत आला, तो बागेत लावलेल्या झाडाच्या फांदीला फार काळ मिळाला नाही. वास्तविक नोंदीची निकड लावलेल्या झाडालाच अधिक असते. कारण रानातल्या झाडाचे भाईबंद त्याच रानात पुन्हा सापडू शकतात, पण बागेतल्या झाडाचा पूर्वेतिहास कोणी लिहून ठेवला असेल तरच उरतो.

इंग्लंडमधील लूकम ओक हे याचे बोलके उदाहरण होय. एक्सेटर येथील रोपवाटिकेचे मालक विल्यम लूकम यांनी 1762 च्या सुमारास तुर्की ओकची फळे पेरली असता, उगवलेल्या रोपांपैकी एकाने हिवाळ्यातही पाने टाकली नाहीत. तुर्की ओक पानझडी आणि ज्याच्या सालीपासून बूच मिळते तो ओक सदाहरित. या दोहोंचा तो संकर होता, हे पुढे स्पष्ट झाले. लूकम यांनी त्या रोपापासून दुसऱ्या ओकच्या खुंटावर कलमे बांधली. या झाडाचा वृत्तान्त रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात 1772 मध्ये छापून आला, तो जॉन झेफानिया हॉलवेल यांच्या पत्रातून. कलकत्त्याच्या ‘ब्लॅक होल’ प्रकरणामुळे बंगालच्या इतिहासात ज्यांचे नाव येते, तेच हे हॉलवेल. मूळ झाड लूकम यांनी आपल्या शवपेटीच्या फळ्यांसाठी तोडले असे सांगतात. ते झाड गेल्यावर त्याची ओळख सांगणारी म्हणून त्याची कलमेच तेवढी राहिली.

म्हणूनच अशा झाडाचा नमुना घेताना पहिली दृष्टी बुंध्याकडे जावयास हवी. कलमाच्या सांध्याखालून फुटलेली फांदी लूकम ओकची नसते, ती खालच्या खुंटाची असते, आणि ती कागदावर चढली तर चिठ्ठी कितीही नेटकी असली तरी नमुना खोटाच ठरतो. फांदी उन्हात वाढलेली घ्यावी; सावलीतील पाने आणि खोडावर अवचित फुटलेल्या धुमाऱ्यांची पाने आकाराने इतकी वेगळी असतात की ती दुसऱ्याच जातीची वाटावीत. एखादे पान उलटे बसवावे, म्हणजे खालच्या बाजूची करडी लव भिंगाखाली तपासता येते. एका फेरीत मात्र काम होत नाही. नर फुलांचे लोंबते तुरे, ज्यांना नतकणिश म्हणतात, ते वसंतात येतात आणि फळे शरदात पिकतात. शिवाय तुर्की ओकचे फळ पिकायला दुसरे वर्ष लागते, त्यामुळे संकराच्या बाबतीत फळ चालू वर्षाच्या डहाळीवर आहे की मागच्या वर्षाच्या, हेही टिपावे लागते. फळे आणि त्यांच्या खवलेदार वाट्या दाबता येत नाहीत. त्या तशाच वाळवून त्याच क्रमांकाच्या डबीत ठेवतात. साल, झाडाची ठेवण, बुंध्याचा घेर आणि हिवाळ्यात किती पाने टिकली, या गोष्टी फांदीतून कळत नसल्याने त्या छायाचित्रांत आणि चिठ्ठीत उतरवाव्या लागतात.

चिठ्ठीवर ‘लागवडीतील’ हा शब्द ठळक हवा, अन्यथा पुढचा अभ्यासक ती जात त्या प्रदेशात निसर्गतः वाढते असे समजून नकाशावर खूण करील. झाड कलमाचे की बियाचे, हेही लिहायलाच हवे. कारण लूकम ओकच्या बियांपासून झालेली रोपे आपापसांत भिन्न निघतात आणि ‘लूकमियाना’ हे वाणाचे नाव त्यांना सरसकट देणे चुकीचे आहे. वाणाचे नाव ज्या एका नमुन्याशी कायमचे जोडले जाते, त्याला मानक नमुना म्हणतात, आणि वाद पडल्यास निवाडा त्याच्याशी ताडून केला जातो.

जागेची नोंद दिसते तितकी सोपी नसते. लंडनच्या क्यू उद्यानातील 1773 च्या सुमाराचा लूकम ओक 1846 मध्ये नव्या दृश्यमार्गासाठी जागा करून देण्याकरिता सुमारे 20 मीटर बाजूला हलवण्यात आला आणि तेथेही तो जगला. बागेच्या नोंदवहीतील त्या झाडाचा क्रमांक चिठ्ठीवर असेल, तरच अशा स्थलांतराआधीची आणि नंतरची फांदी एकाच वृक्षाची असल्याचे निःशंकपणे म्हणता येते.