खर्रा नाही खात, सर

हेडफोन लावलेत ना? आज जरा दातांबद्दल बोलायचंय. म्हणजे पाण्याबद्दलच.

यवतमाळचं पाणी म्हटलं की आपल्याला २०१८ चा उन्हाळा आठवतो. निळोणा आणि चापडोहने तळ गाठलेला, टँकर आला की ड्रम घेऊन पळापळ. ते डोळ्यांना दिसत होतं. आजची गोष्ट दिसत नाही.

पांढरकवड्याकडच्या एका शाळेत मी पाण्यावर बोलायला गेलो होतो. सहावी-सातवीची पोरं. पाणी गाळा, उकळा, नळ बंद ठेवा, असं नेहमीचं सगळं सांगत होतो. पुढच्या बाकावरचा एक मुलगा तोंडावर हात धरून बोलत होता. दातांवर तपकिरी पट्टे. आपल्या विदर्भात असे दात दिसले की मनात काय येतं, माहितीये तुम्हाला. मी गमतीत विचारलंच, "काय रे, खर्रा?" वर्ग हसला. तो म्हणाला, "नाही खात, सर. आमच्या गल्लीत सगळ्याइचेच असे हायेत."

माझं चुकलं, आणि मी ते वर्गासमोरच कबूल केलं. पांढरकवडा, झरी, वणी या पट्ट्यात बऱ्याच बोअरच्या पाण्यात खडकातून फ्लोराइड उतरतं. पाणी स्वच्छ दिसतं, वास नाही, चव नाही. साधारण आठ वर्षांपर्यंत कायमच्या दातांचं आवरण हिरडीच्या आत तयार होत असतं. त्या काळात असं पाणी पोटात गेलं तर दात डाग घेऊनच बाहेर येतात. घासून ते निघत नाहीत. वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं आणि सांधेही आखडतात.

आणि मी त्यांना सांगत होतो, उकळा!

मग फळ्यावर गणित मांडलं. १० लिटर पाणी, लिटरमागे २ मिलिग्रॅम फ्लोराइड. उकळून ८ लिटर उरलं. आता लिटरमागे किती? एका मुलीने लगेच सांगितलं, "अडीच. सर, हे तं वाढलं!" वाढणारच. वाफ पाण्याची होते, फ्लोराइड भांड्यातच राहतं. आपल्या मानकात मर्यादा आहे १ मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १.५.

पुढच्या खेपेला पोरांनी घरून बाटल्या आणल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: कुठलं पाणी. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना पाणी तपासायला शिकवलंय. अशाच एक ताई संच घेऊन आल्या. थेंब टाकले. नमुना गुलाबी राहिला तर फ्लोराइड कमी, पिवळा पडला तर जास्त. हापशीचं पाणी पिवळं. नाल्याकाठच्या जुन्या विहिरीचं गुलाबी. एकच गाव, बरं का!

त्या विहिरीकडे कोणी बघत नव्हतं. पाला पडलेला, कठडा फुटका. तिच्या पाण्यात जंतू असू शकतात, म्हणून टीसीएल पावडर हवीच, आणि तिथे मात्र उकळणं कामाचं. पण हापशी आली आणि विहीर मागे पडली.

'पाणी वाचवा' हे त्या दिवशी मला नव्याने कळलं. सगळं पाणी सारखं नाही. विहिरीचं पाणी पिण्या-रांधण्यासाठी राखायचं, हापशीचं धुण्या-भांड्यांना. पोरांनी हापशीवर खडूने लिहिलं: 'पिऊ नका, भांडी घासा'. पहिल्या पावसात ते पुसून जाईल, मग रंगाने लिहा म्हटलं.

तो मुलगा जाताना थांबला. "माझी बहीण चार वर्षांची हाय. तिचे वाचतील का?" दुधाचे दात अजून पडायचे होते. म्हटलं, कायमचे आत्ताच बनतायत, आजपासून पाणी बदललं तर खूप फरक पडेल. तुझे मात्र पाण्याने परत होणार नाहीत, हेही सांगितलं.

आता तो रोज सकाळी सायकलला पाच लिटरची कॅन बांधून विहिरीवर जातो.

विहीर एप्रिलमध्ये खाली जाते. तेव्हा काय, हे त्यानेच विचारलं. शाळेचं छत १०० चौरस मीटर धरा, १० मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर १,००० लिटर पाणी पडतं. हेही गणित आम्ही फळ्यावर केलं. टाकी कुठे बसवायची, यावर मात्र हेडमास्तरांचं आणि पोरांचं अजून एकमत झालेलं नाही.